कां-कूं, भीड आणि अरुणोदय

१८३१ साल मराठी भाषेच्या इतिहासात एका ग्रंथामुळे लक्षात राहिले आहे. जेम्स टॉमस मोल्सवर्थ आणि टॉमस व जॉर्ज हे जुळे कँडी बंधू यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश त्या वर्षी मुंबईत छापून निघाला. त्याच वर्षी इकडे बेळगावात बाबा पदमनजींचा जन्म झाला. पुढे १८५७ साली मोल्सवर्थच्या कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली, आणि त्याच १८५७ साली पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी निघाली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. या दोन वाटा अखेर १८६३ साली एकत्र आल्या. मोल्सवर्थचा तो अवजड कोश विद्यार्थ्यांच्या हातात मावेल इतका आटोपशीर करून पदमनजींनी प्रसिद्ध केला. आपल्या गावात जन्मलेल्या माणसाने केलेले हे काम आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. ‘यमुनापर्यटन’ आणि धर्मांतर या दोनच गोष्टींवर त्यांचे चरित्र संपवण्याची आपली रीत आहे.

मला आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे ते एका लहानशा शब्दसमूहाच्या निमित्ताने. माणसाला काही करायचे असते आणि तो ते करत नाही. करायचे नसते आणि नाही म्हणत नाही. या मधल्या अवस्थेसाठी मराठीत जे शब्द आहेत, ते इंग्रजीत नेताना त्यांचे काय झाले, हा माझा विषय. पदमनजी या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभे होते. कोशकार म्हणून त्यांना या शब्दांचे इंग्रजी अर्थ निवडावे लागले. आणि माणूस म्हणून त्यांनी ती मधली अवस्था वर्षानुवर्षे भोगली. १८५४ साली बेळगावातच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधीच्या लांबलेल्या काळाची हकिकत त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात लिहिली. ते १८८८ साली प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी जॉन मरे मिचेल या स्कॉटिश मिशनऱ्याच्या संपादनाखाली त्याचे इंग्रजी रूप लंडनहून निघाले. म्हणजे एका बेळगावकराची कां-कूं इंग्रजीत गेली, तीही पुस्तकभर.

आधी शब्द पाहू. ‘कां-कूं करणे’ हा शब्द उच्चारून पाहिला तर त्यात ‘का’ हा प्रश्न स्पष्ट ऐकू येतो. पण तो पुरता विचारलेला नसतो, ओठांतच चिरडलेला असतो. ‘आढेवेढे घेणे’ यात वेढा आहे, वळणे आहेत. माणसाला जायचे असते, पण सरळ जायचे नसते. चार वेळा आग्रह व्हावा अशी त्याची अपेक्षा असते. गाण्याच्या बैठकीत गळा बसल्याची सबब सांगणारी बाई आढेवेढे घेते, ती कां-कूं करत नाही. ‘अनमान’ त्याहून गंभीर. त्यात ज्याच्यासमोर आपण थांबलो त्याचा मान ठेवला की मोडला, हा प्रश्न दडलेला असतो. ‘कचरणे’ म्हणजे भीतीने मागे सरणे. ‘चाचरणे’ जिभेचे, ‘अडखळणे’ जिभेचे आणि पायाचेही, ‘घुटमळणे’ पायाचे आणि जिवाचे. दारात घुटमळणारा पाहुणा आणि मुलाबाळांत घुटमळणारा म्हाताऱ्याचा जीव, दोघांना मराठीने एकच क्रियापद दिले आहे. ‘चालढकल’ आणि ‘टंगळमंगळ’ हे शब्द शेजारीच राहतात. पण त्यांचे कूळ आळसाचे आहे, त्यांना या घरात घेऊ नये.

आणि मग ‘भीड’. हा शब्द क्रियापद नाही, पण वरच्या निम्म्या क्रियापदांच्या मुळाशी तोच असतो. भीड भयाहून वेगळी. चोराचे भय वाटते, त्याची भीड वाटत नाही. भीड वाटते ती मामांची, मास्तरांची, सावकाराची, जुन्या ओळखीच्या शेजाऱ्याची. ज्याने आपले काही केले आहे, ज्याला दुखवणे आपल्याला परवडणार नाही किंवा आवडणार नाही, त्याच्यापुढे माणूस भिडेला पडतो. भिडेखातर जामीन राहतो आणि घर घालवून बसतो. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण उगाच आलेली नाही. पण ज्याने भीड पार सोडली, त्याला आपण निर्भय म्हणत नाही, निर्भीडही मोजून-मापूनच म्हणतो. बहुतेक वेळा ‘काही भीडभाड आहे की नाही?’ असेच विचारतो.

आता इंग्रजी बाजू. ‘हेझिटेट’ हा लॅटिनमधून आलेला शब्द. मुळात अर्थ चिकटून राहणे, रुतणे. ‘वेव्हर’ म्हणजे डोलणे, इकडून तिकडे झुकणे. ‘डिमर’ हा कचेरीतला शब्द, मूळ अर्थ उशीर लावणे. ‘स्क्रूपल’ हा मोठा गमतीचा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ टोकदार बारीक खडा. तो जोड्यात गेला की पाऊल टाकताना टोचतो, म्हणून सदसद्विवेकाची टोचणी. हे चांगले, कसदार शब्द आहेत. पण त्यांत एक गोष्ट समान आहे. रुततो, डोलतो, उशीर लावतो, टोचून घेतो तो एकटा माणूस. तो कोणासमोर थांबला, हे त्या शब्दात येत नाही. मराठी शब्दांच्या मोठ्या गटात समोरचा माणूस शब्दातच बसलेला असतो.

मोल्सवर्थला हे कळत नव्हते असे मुळीच नाही. त्याचा कोश वाचताना (होय, तो वाचण्याचा ग्रंथ आहे, केवळ पाहण्याचा नव्हे) जाणवते की एका मराठी शब्दासाठी तो एका इंग्रजी शब्दावर कधी समाधान मानत नाही. अर्थछटांची रांग लावतो, वाक्प्रचार देतो, म्हणी देतो, शब्द संस्कृतातून आला की फारसी-अरबीतून, याची खूण करतो. मराठीच्या बाबतीत असा कान असलेला परका माणूस दुसरा झाला नाही. तरीही कोशाची रचनाच अशी की मराठी शब्दाला उत्तर इंग्रजीतच द्यायचे. रांग कितीही लांबवली तरी ती एकट्या माणसाच्या शब्दांची रांग होते.

पदमनजींचे काम तर याहून कठीण. संक्षेप करायचा म्हणजे रांगेतले शब्द गाळायचे. कोश छोटा करणे हे लेखनिकाचे काम आहे असे समजणाऱ्याने एकदा ‘भीड’ या शब्दाचा अर्थ चार इंग्रजी शब्दांत लिहून पाहावा. कोणती भीड ठेवायची आणि कोणती सोडायची? शाळकरी मुलाला परीक्षेत उपयोगी पडेल ती ठेवायची, हे उघड आहे. तसे होता होता दोन पिढ्यांत मराठी मुलांच्या मनात अनमान म्हणजे हेझिटेशन, संकोच म्हणजे हेझिटेशन, कां-कूं म्हणजेही हेझिटेशन, असे समीकरण बसले.

येथे एक तुलना करण्याजोगी आहे. पदमनजींचा संक्षेप निघाला त्याच १८६३ साली रशियात व्लादिमीर दाल याच्या चार खंडी कोशाचे ग्रंथरूप प्रकाशन सुरू झाले. १८६६ साली ते पुरे झाले. दालने आयुष्यभर खेड्यापाड्यांतून, शिपायांकडून, गाडीवानांकडून शब्द गोळा केले होते. त्याचा कोश रशियन शब्दाला रशियन शब्दांनीच समजावतो. थबकण्याच्या क्रियापदापुढे तो थबकण्याची आणखी पाच रशियन क्रियापदे ठेवतो, सोबत म्हणी ठेवतो. आपल्याकडेही शास्त्रीमंडळींचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ मोल्सवर्थच्याही आधी, १८२९ पासून निघाला होता आणि तो मराठी-मराठीच होता. पण तो मागे पडला आणि मोल्सवर्थ घरोघर गेला. मराठीला मराठीत समजावणारा मोठा कोश पुन्हा हाती यायला दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत, म्हणजे १९३२ ते १९३८ पर्यंत थांबावे लागले.

रशियन भाषेचे नाव घेतले ते केवळ सालाच्या योगायोगासाठी नाही. या विषयात ती आपली जवळची नातलग निघते. ‘कलिबात्सा’ हे त्यांचे नेहमीचे क्रियापद, अर्थ हेलकावणे. आपली ‘चलबिचल’ तीच. ‘म्यात्सा’ म्हणजे मुळात चुरगळणे. कापड चुरगळावे तसा माणूस बोलता बोलता चुरगळतो, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा राहतो. पण खरे साम्य शब्दांत नाही, वाक्याच्या बांधणीत आहे. रशियन माणूस म्हणतो, ‘यज़ीक नि पवाराचिवाएत्सा’: जीभ वळत नाही. ‘रुका नि पद्निमाएत्सा’: हात वर होत नाही. आपण काय म्हणतो? जीभ रेटेना. हात धजेना. पाऊल उचलेना. तोंडातून शब्द फुटेना. धीर होईना. मन घेईना.

या ‘ना’कारी रूपाकडे जरा थांबून पाहावे. ‘तो निघाला नाही’ आणि ‘तो निघेना’ ही दोन वाक्ये सारखी नाहीत. पहिल्यात घटना घडली नाही एवढेच कळते. दुसऱ्यात कोणीतरी वाट पाहत आहे, पुन्हा पुन्हा अपेक्षा करत आहे, आणि ती पुरी होत नाही. ‘पाऊल उचलेना’ यात कर्ता पाऊल आहे. माणूस बिचारा बाजूला उभा राहून आपल्याच पावलाकडे पाहतो आहे. इंग्रजीत हे नेताना भाषांतरकाराला माणसाला पुन्हा कर्त्याच्या जागी आणून बसवावे लागते: त्याला स्वतःला त्या गोष्टीपर्यंत आणता आले नाही, अशा अर्थाची ती वाक्यरचना असते. वाक्य बिनचूक होते. पण दोष आता माणसाच्या माथी येतो, पावलाच्या नाही. आपल्या ‘राहून गेलं’ या दोन शब्दांची तर फारच ओढाताण होते. ‘करू करू म्हणता राहून गेलं’ या वाक्यात राहिले कोणामुळे, हे विचारायची सोयच ठेवलेली नाही.

रशियनला क्रियापदांच्या जोड्यांची आणखी एक देणगी आहे. एकच क्रिया चालू असलेली आणि पुरी झालेली अशा दोन रूपांत येते. त्यामुळे ‘रिशाल्सा, नो नि रिशील्सा’ असे चार-पाच शब्दांत म्हणता येते: ठरवत होता, पण ठरवले असे झाले नाही. इंग्रजीला येथे प्रयत्न करणे, मन बनवणे, शेवटी जमले नाही असा लांब वळसा घ्यावा लागतो. मराठीत ‘ठरवत राहिला, पण ठरेना’ म्हणून आपण मोकळे होतो. ठरवणे माणसाचे, ठरणे गोष्टीचे.

मग रशियन साहित्य आपल्याकडे थेट आले असते तर? ते बहुतांशी आले इंग्रजीतून. टॉलस्टॉयचे कलाविषयक पुस्तक साने गुरुजींनी मराठीत आणले, तेही इंग्रजीवरून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कॉन्स्टन्स गार्नेट या बाईंनी एकहाती इतके रशियन लेखक इंग्रजीत नेले की जगाने रशिया त्यांच्याच डोळ्यांनी पाहिला. त्यांच्या भाषांतरात सगळे रशियन लेखक एकाच आवाजात बोलतात, असा आक्षेप पुढे घेतला गेला. त्यात तथ्य आहे, पण त्या नसत्या तर आपल्या वाचनालयांच्या कपाटांत ते लेखक आलेच नसते. पुढे मॉस्कोहून रशियनमधून थेट मराठीत केलेली, स्वस्त आणि सुबक पुस्तके यायला लागली. तोवर मात्र आपल्याकडचा रशियन नायक इंग्रजीच्या उंबऱ्यावरून आला, आणि येताना त्याची न वळणारी जीभ व न उठणारा हात तिथेच ठेवून आला. आपण त्याला दुबळा समजलो.

गोगोलचे ‘लग्न’ हे नाटक १८४२ चे. त्यातला पोदकल्योसिन नावाचा सरकारी नोकर लग्न करावे की नाही, यात अडकलेला आहे. मित्र त्याला ढकलत ढकलत मुलीच्या घरापर्यंत आणतो, सगळे ठरते, वऱ्हाड तयार होते, आणि नवरदेव खिडकीतून उडी टाकून पळून जातो. प्रेक्षक हसून लोटपोट. हे वाचताना मराठी माणसाला दुसराच नवरदेव आठवल्याशिवाय राहत नाही. ‘सावधान’ हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेलेला नारायण, असे परंपरा सांगते. कृती एकच. एकाला रशियाने हास्यास्पद ठरवले, दुसऱ्याला महाराष्ट्राने समर्थ म्हटले. निघून जाण्याला कोणते क्रियापद लावायचे, यावर किती अवलंबून असते पाहा: पळाला, निसटला, उठला, सावध झाला.

पदमनजींकडे परत येऊ, कारण त्यांच्या बाबतीतही नेमका हाच प्रश्न आहे. १८४९ च्या सुमारास ते मुंबईत आले, फ्री चर्चच्या शाळेत शिकले. बालपण देवभक्त घरात, व्रतवैकल्यांत गेलेले. बेळगावच्या मिशन शाळेत ख्रिस्ती ग्रंथांची ओळख झालेली. (बेळगावात लंडन मिशनचे ठाणे १८२० पासून होते, आपल्या बेनन-स्मिथ शाळेच्या नावातले बेनन याच मिशनचे.) मनाने एकीकडे गेलेला, देहाने दुसरीकडे राहिलेला असा हा तरुण. एका बाजूला पटलेले मत. दुसऱ्या बाजूला आईवडील, घर, जात, आपल्यामुळे त्यांच्या वाट्याला येणारी नाचक्की. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे केवळ मत बदलणे नव्हते. घरच्यांच्या दृष्टीने मुलगा जिवंतपणी गेला, असेच ते होते. आपल्यापैकी ज्यांच्या घराण्यांत अशा आठवणी आहेत, त्यांना हे सांगायला नको.

त्या अवस्थेत ते एकटे नव्हते. १८४९ मध्येच मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली होती. जातिभेद मोडायचा, मूर्तिपूजा सोडायची, पण गुप्तपणे. बैठकीत ख्रिस्ती माणसाच्या हातची भाकरी खायची आणि घरी जाऊन पंगतीला बसायचे. पदमनजी या मंडळींत होते, आणि त्यांच्या ‘अरुणोदया’मुळेच आपल्याला तिच्या आतली माहिती मिळते. तिचे एक प्रमुख होते दादोबा पांडुरंग. हेच ते १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा. आपल्या क्रियापदांना रीत लावून देणारा माणूस आणि ‘करायचे, पण दाखवायचे नाही’ या धोरणाने चाललेल्या मंडळीचा धुरीण, दोघे एकच. १८६० च्या सुमारास मंडळीचे दप्तर चोरीला गेले, नावे फुटणार असे झाले, आणि मंडळी विस्कटली. आपले इतिहासकार तिला भित्र्यांची संस्था म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. भय होतेच, पण भीडही होती. भित्रा माणूस भाकरी खात नाही.

आता इंग्रजीकडे. मिशनऱ्यांच्या इंग्रजीत थांबण्याला आधीच एक नैतिक अर्थ चिकटलेला होता. जुन्या करारातला एलिया संदेष्टा लोकांना दोन मतांमध्ये लंगडत राहिल्याबद्दल खडसावतो. सत्य पटल्यावर उशीर करणे हेच पाप, अशी त्यांची धारणा. त्यांच्याकडे ‘स्क्रूपल’ हा शब्द होता, पण तो देवापुढच्या टोचणीसाठी राखलेला. बापापुढच्या टोचणीला त्यात जागा नव्हती. तिचे नाव अशक्तपणा किंवा माणसांचे भय. मरे मिचेल हे मराठी जाणणारे, सहृदय गृहस्थ होते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. इंग्रजी भाषेत बसताना पदमनजींची गोष्ट अपरिहार्यपणे अशी होते की एक तरुण सत्य ओळखून अनेक वर्षे दुबळेपणाने थांबला आणि अखेर धीट झाला. मराठीतही पदमनजी स्वतःला बोल लावून घेतातच, ते ख्रिस्ती दृष्टीनेच लिहीत होते. पण मराठीत लिहिताना आई हा शब्द येतो, वडील हा शब्द येतो, आणि त्यांच्यासमोर पाऊल न उचलणे हे मराठी वाचकाला समजावून द्यावे लागत नाही. तो वाचक ख्रिस्ती असो वा नसो, त्याला ठाऊक असते की येथे अडवणारे माणूस त्याच घरात, पलीकडच्या खोलीत आहे.

सगळ्यांत जास्त बदलले ते शीर्षक. ‘अरुणोदय’ म्हणजे सूर्योदय नव्हे. सूर्य अजून उगवलेला नाही, रात्र मात्र राहिलेली नाही. पूर्वेला तांबडे फुटले आहे. म्हाताऱ्या माणसांना ही वेळ नेमकी ठाऊक असते. अंधार आणि उजेड यांच्या मधल्या, दोन्हींपैकी कशातच न मोडणाऱ्या वेळेचे नाव पदमनजींनी आपल्या गोष्टीला दिले. ते सहज दिले असेल असे मला वाटत नाही. शब्दांचे वजन करण्यात आयुष्य गेलेला माणूस होता तो. इंग्रजी पुस्तकाचे नाव झाले ‘वन्स हिंदू, नाउ ख्रिश्चन’. एकदा हे, आता ते. मध्ये एक स्वल्पविराम. ज्या पाच वर्षांविषयी अख्खे पुस्तक आहे, ती सगळी त्या स्वल्पविरामात गेली.

स्वल्पविरामावरून आठवले. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मोल्सवर्थचे सहकारी टॉमस कँडी यांना दिले जाते. त्याआधीच्या मोडी पत्रांत, बखरींत ओळ अखंड वाहत असे. तेव्हा कोणी थांबला, चाचरला, तर ते शब्दानेच सांगावे लागे: ‘बहुत अनमान करून’, ‘मागेपुढे पाहून’. पुढे कथाकादंबऱ्यांत अपसारण चिन्ह आले, टिंबे आली, आणि लेखक चाचरणे दाखवू लागले; सांगेनासे झाले. हा फायदा की तोटा, हे मला ठरवता येत नाही. पण जुन्या क्रियापदांचा छापील वापर त्यामुळे घटला, एवढे आजच्या कथा वाचून दिसते.

शेवटी आपल्या भागाविषयी. १९५६ पर्यंत आपण मुंबई इलाख्यात होतो आणि नंतर काय झाले, ते या श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही. त्या वादात मी शिरत नाही. पण आपल्याकडे दोन भाषा एकाच ओसरीवर बसत आल्या आहेत, आणि कां-कूं करण्याच्या बाबतीत त्या विलक्षण एकमताच्या आहेत. आपण ‘मागेपुढे पाहतो’, कानडी माणूस ‘हिंदे मुंदे’ पाहतो; शब्दाला शब्द. आपले मन होत नाही, त्यांचे ‘मनस्सु बरलिल्ल’, मन आले नाही. आपली जी भीड, तेच त्यांचे ‘दाक्षिण्य’. या दाक्षिण्याने काय काय घडते, याविषयी कानडीत एक म्हण आहे. ती अशा व्यासपीठावरून सांगण्याजोगी नाही, पण निपाणी-चिकोडीकडच्या मंडळींना ती पाठ असणार. काहींच्या चेहऱ्यावर ती आत्ताच दिसते आहे. एक वाक्प्रचार मात्र त्यांचा स्वतःचा, आणि तो आपण उसना घ्यावा असा आहे: ‘मीनमेष एणिसु’, मीन आणि मेष मोजत बसणे. राशिचक्राची शेवटची रास आणि पहिली रास. मोजणारा संपवतो तिथूनच पुन्हा सुरू करतो.

निपाणीच्या तंबाखू बाजारात दराची बोलणी दोन्ही भाषांत चालत आली आहेत. तिथे ‘बघू’ या एका शब्दाला किती वजन असते, ते व्यापारी घराण्यांना ठाऊक आहे. ‘बघतो की’ म्हटले तर गोष्ट जिवंत असते. नुसते ‘बघू’ म्हटले आणि नजर दुसरीकडे गेली, तर ती संपलेली असते. पण ‘नको’ या शब्दाने समोरच्याचा मान मोडलेला नसतो. कानडी ‘नोडोण’ अगदी असेच वागते. इंग्रजी करारपत्रात या दोघांचे भाषांतर विचार करू असे होते, आणि तिसऱ्या गावचा माणूस खरोखरच विचार चालू आहे असे समजून आठ दिवस वाट पाहतो.

आपल्याकडे मराठी-कानडी भाषांतर करणारे आजही पुष्कळदा हाताशी इंग्रजी कोश घेऊन बसतात. एका बाजूला मोल्सवर्थ, दुसऱ्या बाजूला १८९४ चा किट्टेलचा कानडी-इंग्रजी कोश, आणि मध्ये ‘हेझिटेट’चा पूल. एकाच ओसरीवरच्या दोघांनी लंडनमार्गे पत्रव्यवहार करावा, तसे हे आहे. ‘मन होईना’ला ‘मनस्सु बरलिल्ल’ हा प्रतिशब्द कुठल्याच कोशात न पाहता आपल्या घरची मोलकरीण देऊ शकते.

‘अरुणोदय’ कानडीत न्यायचे कोणी मनावर घेतले, तर निदान शीर्षकाशी त्याला झटापट करावी लागणार नाही. तांबडे फुटण्याच्या त्या वेळेला कानडीतही अरुणोदयच म्हणतात.